टॅग बदलणारे देवदत्तराव

सौदी अरेबियातल्या आमच्या यान्बूच्या कॉलनीत गेली कित्येक वर्षं एका मुलाचा पाचवा वाढदिवस साजरा होतो. मुलगा काही सहाचा होत नाही. गणेश चतुर्थीच्या जवळचा शुक्रवार ठरतो, क्लब हाउसचा हॉल 'बर्थडे पार्टी' म्हणून बुक होतो आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून खरोखरीचा केक येतो. केक दाराशी, फुग्यांखाली. आतल्या बाजूला सोफे उभे करून आडोसा केलेला, त्यामागे पाटावर गणपती. आरती दबक्या आवाजात, झांजांना सुट्टी, आणि टाळ्या अशा की वाजल्या न वाजल्या सारख्याच.

ही सगळी करामत देवदत्तरावांची. देवदत्त गायधनी, मूळचे नाशिकचे, इथल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. उंच, किंचित पोक आलेले, मिशी कातरलेली. बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागे कोणी आहे का ते आधी बघून घ्यायचे आणि मग विनोद करायचे. माझे यजमान सुशील आणि ते एकाच शिफ्टला, त्यामुळे दोन्ही घरं एकच. मी इथल्या भारतीय शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. देवदत्तराव मला चिडवायचे, "विद्यावहिनी, तुम्ही मुलांना हक्क शिकवा, मी त्यांना जगायला शिकवतो."

जगायला म्हणजे नावं ठेवायला. वाईट अर्थाने नव्हे, अगदी बारशासारखी. आमचं हळदीकुंकू कागदोपत्री 'रेसिपी एक्स्चेंज' असतं. दिवाळीतल्या नाटुकल्याच्या तालमी म्हणजे 'टीम बिल्डिंग'. त्यांच्या स्टोअररूममध्ये मराठी पुस्तकांचं वाचनालय आहे, त्या खोक्यांवर 'एसी फिल्टर, जुने' असं लिहिलेलं. कोणी कधी पुस्तकांना हरकत घेतली होती म्हणून नव्हे. कोणी घेऊ नये म्हणून. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवीन करायच्या महिन्यात तर ते सुट्टीत गावी गेलेल्या बायकोला, हेमलतालाही, फोनवर 'देवळात जाऊन आलीस का' असं विचारायचे नाहीत, 'मामांकडे जाऊन आलीस का' म्हणायचे. हेमलताचा एक मामा खरंच नाशिकला आहे. आपल्या नावाने कितीदा नारळ वाढवला गेला, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसेल.

त्यांचं एक वाक्य होतं. प्लांटमध्ये प्रत्येक यंत्राला धातूची एक चकती लटकवलेली असते, त्यावर त्याचा नंबर. त्याला टॅग म्हणतात. देवदत्तराव म्हणायचे, "टॅग बदलला तरी पाइपातलं प्रेशर तेवढंच राहतं." कॉलनीत कोणाचं काही अडलं की हे वाक्य यायचंच. आम्ही हसायचो, मग ते सांगतील तसं करायचो आणि काम होऊन जायचं. कॉलनीचे मॅनेजर अबू करीम इजिप्तचे, भले गृहस्थ. ते वाढदिवसाला यायचे, दाराशीच उभं राहून एक मोदक खायचे, सोफ्यांच्या दिशेला चुकूनही बघायचे नाहीत आणि विचारायचे, "मिस्टर देव, मुलगा किती वर्षांचा झाला?"

"पाच," देवदत्तराव म्हणायचे.

"माशाल्ला," अबू करीम म्हणायचे आणि दुसरा मोदक उचलायचे. दोघांच्याही चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मला हे दृश्य फार आवडायचं. माणसं एकमेकांना किती सांभाळून घेतात, असं वाटायचं.

गायधनींची एकुलती एक मुलगी क्षितिजा. यान्बूतच वाढली, माझ्या वर्गात शिकली. बोलायला लागली की आईशी हिंदी, बापाशी इंग्रजी आणि रागावली की शुद्ध मराठी. बारावीनंतर ती अमेरिकेला गेली, तिथल्या एका राज्याच्या सरकारी विद्यापीठात. पहिल्या थंडीत ती कोमेजली. भारतातून आलेल्या मुलांना ती 'गल्फवाली' वाटायची, अरब मुलांना भारतीय, आणि अमेरिकन मुलं विचारायची की सौदी अरेबियातून आलीस तर मग तुझं नाव असं कसं. तिने वर्गात जाणं सोडलं. फोनवर "आय अ‍ॅम फाइन, बाबा" एवढंच. हेमलता इथे स्वयंपाकघरात उभी राहून रडायची. तिकडे जायचा व्हिसा लवकर मिळेना.

तेव्हा तिला सांभाळलं इस्मतबाईंनी. विद्यापीठात एक मल्टिकल्चरल सेंटर होतं, वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांसाठी. इस्मतबाई ते चालवायच्या. मूळ हैदराबादच्या, पण अमेरिकेतच वाढलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या. नव्या मुलाला एक जुना मुलगा जोडून द्यायचा आणि आठवड्यातून एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा, एवढाच त्यांचा मुख्य उद्योग. क्षितिजा खोलीबाहेर येईना तेव्हा या बाई खट्टी दाळ आणि भात घेऊन तिच्या दारात जाऊन बसल्या. दार उघडेपर्यंत बसल्या. मग तिच्याच फोनवरून देवदत्तरावांना म्हणाल्या, "भाईसाब, फिकर नक्को करो. मेरा मामू भी जेद्दा में था. मैं समझती हूँ ये बच्ची कहाँ से आई."

देवदत्तराव त्या दिवशी आमच्या घरी आले. म्हणाले, "वहिनी, त्या बाईंना आमची मुलगी कळली. आम्हाला पण एवढी कळली नव्हती हो." पुढे दर शुक्रवारी दुपारी, म्हणजे तिकडची सकाळ, क्षितिजाचा व्हिडिओ कॉल यायचा आणि पुष्कळदा त्यात इस्मतबाईही डोकावायच्या. क्षितिजा पुन्हा हसायला लागली होती. दुसऱ्या वर्षी तर तीच नव्या मुलांची ताई झाली.

आणि मग तो कायदा आला. त्या राज्याच्या विधिमंडळाने ठरवलं की सरकारी विद्यापीठांनी 'डायव्हर्सिटी'च्या नावाखाली चालणाऱ्या कचेऱ्या आणि कार्यक्रम यांवर सार्वजनिक पैसा खर्च करायचा नाही. माझा विषयच हा, म्हणून मी शोधून शोधून वाचलं. कायदा करणाऱ्यांचं म्हणणं असं, की कर सगळेच भरतात, मग विद्यार्थ्यांचे गट पाडून कोणासाठी वेगळं खातं कशाला. सगळ्यांना एकच दार असू दे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की दार एकच असलं तरी उंबरठा सगळ्यांना सारखा उंच नसतो. मी दोन्ही बाजू वर्गात सांगितल्या असत्या, पण क्षितिजाच्या दारात बसलेली बाई डोळ्यांपुढून हलेना, त्यामुळे माझं माप कुठे झुकत होतं ते सांगायला नको.

सेंटर उन्हाळ्यात बंद होणार होतं. विद्यापीठाने एक चांगली गोष्ट केली होती. जे गुपचूप कुलूप लावतील त्यांना दुसरीकडे सामावून घ्यायचं ठरलं होतं. इस्मतबाईंना ग्रंथालयात जागा देऊ केली होती. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. त्या जायला तयार होत्या.

त्या शुक्रवारी मी गायधनींकडेच होते, हेमलताबरोबर मेथी निवडत. फोनवर क्षितिजा रडवेली. "बाबा, काय करू?" असं तिने विचारलं. ही तिची लहानपणापासूनची सवय, एरवी इंग्रजी बोलली तरी हे मराठीतच. सायकलची चेन निघाली तरी "बाबा, काय करू?" आणि बाबांकडे उत्तर असायचंच.

देवदत्तराव पुढे सरकले. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "इस्मतजी, आप वो लायब्ररी में क्या करेंगी? किताबें गिनेंगी? बंद मत कीजिए. टॅग बदलिए."

आणि मग त्यांनी आपली सगळी विद्या ओतली. मल्टिकल्चरल सेंटरची पाटी काढा, 'स्टुडंट सक्सेस हब' लावा. भिंतीवरचे वेगवेगळ्या देशांचे झेंडे उतरवा, तिथे परीक्षेचं वेळापत्रक चिकटवा. स्वयंपाकाची संध्याकाळ म्हणजे 'न्यूट्रिशन वर्कशॉप'. जोडीदार मुलगा म्हणजे 'स्टडी पार्टनर'. काम तेच, मुलं तीच, दाळही तीच. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

इस्मतबाई आधी कचरल्या. "भाईसाब, यहाँ चलेगा क्या ऐसा?"

"सब जगह चलता है. मैं इधर बाईस साल से चला रहा हूँ."

क्षितिजाचा चेहरा उजळला. मी मेथीच्या जुडीआडून म्हणाले, "देवदत्तराव, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं हं. उंट यान्बूत आणि शेळ्या अमेरिकेत." ते म्हणाले, "वहिनी, उंटावरून लांबचं दिसतं." सगळे हसले. तिकडे इस्मतबाईंनाही क्षितिजाने भाषांतर करून सांगितलं, त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. "आप तो बड़े उस्ताद निकले," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ग्रंथालयाला नाही म्हणून कळवलं.

सुरुवातीला सगळं छान चाललं. नवी पाटी लागली. क्षितिजा फोन फिरवून दाखवायची, भिंतीवर वेळापत्रक आणि त्याखाली तीच पातेली. देवदत्तराव प्लांटमध्येही सांगत सुटले होते की आपला कारभार आता अमेरिकेत चालतो. माणूस खरोखर खूश होता. लेकीवर कोणी केलेल्या मायेची परतफेड आपल्याला जमली, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

शाळेची सहामाही चालू होती तेव्हा हेमलताचा मला फोन आला, "ताबडतोब ये." मी गेले तर देवदत्तराव सोफ्यावर, हातात फोन, आणि फोनवर एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालू.

झालं होतं असं. एक मनुष्य आपल्या मुलाला त्या विद्यापीठात घालायचंय म्हणून इस्मतबाईंकडे गेला होता. शर्टाच्या खिशातून कॅमेरा डोकावेल असा फोन चालू ठेवून. त्याने विचारलं, पूर्वी इथे ते सेंटर होतं ना, ते बंद झालं का हो? माझ्या मुलाला त्याचीच गरज होती. इस्मतबाई त्याच्यासाठी चहा ओतत होत्या. बापाचा काळजीचा स्वर ऐकून त्या विरघळल्या असणार, त्यांचा स्वभावच तो. म्हणाल्या, काळजी करू नका, सगळं तसंच आहे. आणि मग हसून इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्या एका मुलीचे वडील दूर वाळवंटात इंजिनिअर आहेत. ते म्हणतात, टॅग बदलला तरी पाइपातलं प्रेशर तेवढंच राहतं."

ते वाक्य तेवढं कापून लोकांनी जगभर फिरवलं. कायदा करणाऱ्यांपैकी एकाने सभागृहात तेच वाचून दाखवलं आणि विचारलं, आम्ही दुसरं काय म्हणत होतो? नाव बदललंय, काम तेच आहे, असं या बाई स्वतःच सांगतायत. बरं, यावर उत्तर काय देणार? त्यांचा मुद्दा देवदत्तरावांच्याच वाक्याने सिद्ध झाला होता. ज्यांनी निमूटपणे कुलूप लावलं होतं ते बाकीचे सगळे दुसऱ्या खात्यांत नोकरीत राहिले. इस्मतबाईंना काढलं. कायदा चुकवण्याचा प्रयत्न केला म्हणून काढलं, त्यामुळे दुसरीकडे सामावून घेण्याचा प्रश्नच उरला नाही.

"चहा ओततायत हो त्या," देवदत्तराव एवढंच म्हणत होते. "बघा ना वहिनी, त्याला चहा ओततायत."

मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. इथे अबू करीम आहेत म्हणून चालतं, हे एवढ्या हुशार माणसाला कळू नये? इथे वाढदिवस म्हटलं की समोरचा माणूस वाढदिवस ऐकतो, त्यालाही तेच ऐकायचं असतं. तिथे समोरचा माणूस खिशात फोन घेऊन आला होता. पण तो चेहरा बघून मी हेमलताला चहा टाकायला सांगितलं आणि मग चहा हा शब्द काढल्याचंही वाईट वाटलं.

देवदत्तरावांनी पुढच्या शुक्रवारी इस्मतबाईंना फोन लावला. मी समोरच होते. त्यांना माफी मागायची होती, ते कधी नव्हे ते अडखळले. इस्मतबाईंनी पूर्ण करू दिलं नाही.

"नक्को भाईसाब, ऐसा नक्को बोलो. बात अच्छी थी ना आपकी. इसी लिए तो मैं बोली उसको."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं देवदत्तराव नंतर म्हणाले. इस्मतबाई गाव सोडून दुसऱ्या राज्यात बहिणीकडे राहायला गेल्या. शुक्रवारच्या कॉलमध्ये त्यांचं डोकावणं थांबलं.

क्षितिजाने बापाला एका शब्दाने दोष दिला नाही. पण "बाबा, काय करू?" हे तिने विचारणं बंद केलं. घर बदललं, ते बदलल्यावर सांगितलं. विषय बदलला, तोही बदलल्यावर. तिने आणि काही मुलांनी गावातल्या एका चर्चच्या तळघरात स्वयंपाकाची संध्याकाळ पुन्हा सुरू केली. विद्यापीठाचा पैसा नाही, विद्यापीठाची जागा नाही, आपापल्या घरून तांदूळ आणायचे. हेही देवदत्तरावांना हेमलताकडूनच कळलं. एका शुक्रवारी त्यांनी चाचरत विचारलं, "नाव काय ठेवलंत?"

"जे होतं तेच, बाबा. मल्टिकल्चरल किचन. बाहेर मोठी पाटी लावलीय," ती म्हणाली आणि मग फोन आईकडे दे म्हणाली.

तेव्हापासून देवदत्तराव बदलले. विनोद करायचे थांबले. कॉलनीत कोणी सल्ला विचारायला गेलं की म्हणायचे, "मला नका विचारू." स्टोअररूममधल्या खोक्यांवर त्यांनी एके दिवशी मार्करने 'मराठी पुस्तके' असं लिहिलं. हेमलता म्हणाली, "अहो, कशाला?" तर म्हणाले, "आहेत ती पुस्तकं." मला वाटलं, जाऊ दे, माणसाला काहीतरी करावंसं वाटतंय. खोक्यांनी कोणाचं काय बिघडतंय?

यंदाचा वाढदिवस आला. हॉल नेहमीसारखा सुशीलने बुक केला, केक आला, फुगे लागले. सोफे उभे करायला मुलं लागली तेव्हा देवदत्तराव म्हणाले, यंदा आडोसा नको. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, पण वडीलकीचा मान होता, मुलांनी सोफे परत खाली ठेवले. आरती झाली. हेमलताने टेबलावर फोन उभा करून ठेवला होता, त्यात क्षितिजा दर्शनाला आली होती. तेवढ्यात अबू करीम दाराशी आले. त्यांना आडोसा नसल्याचं दिसलं असणार, कारण ते मुद्दाम पाठ करून फुग्यांकडे बघत उभे राहिले. मोदक घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"मिस्टर देव, मुलगा किती वर्षांचा झाला?"

देवदत्तराव म्हणाले, "अबू करीम, मुलगा वगैरे कोणी नाही. हा आमचा गणपती आहे. आम्ही दर वर्षी इथे पूजा करतो. इतकी वर्षं तुम्हाला खोटं सांगितलं, माफ करा."

अबू करीम यांचा मोदकाचा हात अर्ध्यावर थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुखावल्यासारखे दिसत होते.

"मिस्टर देव," ते हळूच म्हणाले, "मला का सांगितलंत? मला काय माहीत नव्हतं? पण आता तुम्ही मला सांगितलंत. आता मला कंपनीने विचारलं तर मी काय सांगू?" त्यांनी मोदक कागदी बशीत परत ठेवला. पुढच्या वर्षी ज्याने त्याने आपापल्या घरी करावं, हॉल मिळणार नाही, असं ते फार अदबीने म्हणाले, आणि आमच्याकडे न बघता निघून गेले. बाहेर त्यांच्या गाडीचा आवाज बराच वेळ सुरू झाला नाही. ते नुसते आत बसून राहिले असावेत.

हॉलमध्ये लहान मुलं केक कधी कापायचा म्हणून आयांचे हात ओढत होती. देवदत्तराव गणपतीपुढे खाली बसले. मला खरं तर राग यायला हवा होता, पण मला नुसतं रडू येत होतं. एकदा खोटं नाव सांगितलं, तिथे एक बाई बुडाली. एकदा खरं सांगितलं, तर इथे एक मित्र गेला. या माणसाने दोन्ही वेळा चांगलंच करायचं ठरवलं होतं हो.

टेबलावरच्या फोनकडे आमचं कोणाचंच लक्ष नव्हतं. क्षितिजाने सगळं ऐकलं होतं. ती मराठीत बोलली तेव्हा मी दचकले, कारण ती रागावली की मराठीत बोलते हे मला ठाऊक होतं. पण आवाज रागाचा नव्हता. लहान मुलाला जवळ घ्यावं तसा होता.

"बाबा," ती म्हणाली, "आधी मला विचारायचंस ना."

देवदत्तराव फोनकडे वळले.

"हो गं," ते म्हणाले. "आता काय करू?"

तिकडे क्षितिजा तोंडावर हात धरून रडत होती, आणि इथे मुलांनी केकची मेणबत्ती पेटवली होती.